एमआर, एमआरपी आणि आत्या

आमच्या घरातल्या गोळ्या एकाच दिवशी कधी संपत नाहीत. बीपीची स्ट्रिप पंधराची, शुगरची दहाची, कोलेस्टेरॉलची का कोण जाणे चौदाची, आणि आत्याच्या थायरॉइडची तर थेट बाटलीच. महिन्याला तीस दिवस असतात ही बातमी औषध कंपन्यांपर्यंत अजून पोचलेली दिसत नाही. त्यामुळे रोज कुणाचं तरी काहीतरी संपलेलं असतं, आणि संपल्याचा शोध रात्री साडेनऊला, पाण्याचा पेला हातात घेतल्यावरच लागतो. मग घरातल्या सगळ्या नजरा माझ्याकडे वळतात आणि मी चपला शोधू लागतो.

सूसमध्ये रात्री चपला घालून बाहेर पडणं हे वाटतं तितकं सोपं नाही. सूस हे मुळशी तालुक्यातलं गाव. 2021 च्या जूनअखेरीला ते पुणे महानगरपालिकेत गेलं. तेव्हापासून आम्ही कागदोपत्री शहरात राहतो. शहरही आमच्याकडे यायला निघालं असावं, पण सूस रोडवर पाण्याच्या टँकरमागे कुठेतरी अडकलं आहे. मीही त्याच टँकरमागे अडकतो आणि वेळ जावा म्हणून होर्डिंग वाचतो. डोंगराच्या कुशीत टू बीएचके, ढगांच्या कुशीत थ्री बीएचके. या सगळ्या कुशींमध्ये जे लोक राहायला येतात त्यांचा हप्ता वीस वर्षांचा आणि बीपी आयुष्यभराचं. तरी एवढ्या होर्डिंगांत बीपीच्या गोळीचं एकही होर्डिंग नाही.

त्याचं कारण मला मेडिकलच्या काउंटरवर सापडलं. मी रांगेत उभा राहून स्ट्रिपा वाचतो. (वाचनाची आवड जुनी आहे. भेळेचा कागदसुद्धा मी भेळ संपल्यावर टाकत नसे.) स्ट्रिपच्या डाव्या कडेला लाल उभी रेघ, शेजारी मुंगीच्या अक्षरात इशारा: डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये. हे शेड्यूल एचचं औषध. अशा औषधाची जाहिरात सरकारी परवानगीशिवाय थेट लोकांपुढे करायला आपल्याकडे बंदी आहे. जगात जवळपास सगळीकडे हीच रीत. अमेरिका आणि न्यूझीलंड हे दोनच देश असे, की जिथे टीव्हीवरची हसरी बाई पेशंटला नाव घेऊन गोळी सुचवते.

तेव्हा कायद्याच्या हिशेबानं माझ्या गोळीचं नाव मला फक्त डॉक्टरांकडून कळायला हवं. पण कायदा करणाऱ्यांनी आमच्या सोसायटीतला बाक पाहिलेला नाही. संध्याकाळी सहा ते साडेसात या वेळात त्या बाकावर जेवढी औषधं नावासकट, डोससकट आणि रंगासकट सुचवली जातात, तेवढी अमेरिकेच्या टीव्हीलाही जमत नसतील.

"गुडघा दुखतोय वाटतं?" बी विंगचे काका विचारतात.

"थोडासा."

"मला ती पिवळी दिली होती. तीन दिवसांत पळायला लागलो."

"मग आता बसलात का?"

"आता दुसरा दुखतोय."

या काकांना कंपनीनं छदामही दिलेला नाही. तरी ते ऊनपाऊस न बघता प्रचार करतात. शिवाय बाकावर औषधाची लायकी ठरते ती किमतीवरून. "माझी एक गोळी अठ्ठावीस रुपयांची," असं कुणी म्हटलं की क्षणभर शांतता पसरते. मग कोपऱ्यातून आवाज येतो, "माझी बत्तीसची आहे." बत्तीसवाल्यांना लगेच बाकावर जागा करून दिली जाते. माझी गोळी सव्वादोन रुपयांची आहे. मी उभाच असतो.

आता डॉक्टरांकडे. आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात भिंतीवरचं घड्याळ अ‍ॅसिडिटीचं आहे, कॅलेंडर मधुमेहाचं, टेबलावरचं प्लॅस्टिकचं मूत्रपिंड लघवीच्या जंतुसंसर्गाचं आणि वजनाचा काटा कॅल्शियमचा. ज्याच्यावर औषधाचं नाव छापलेलं नाही अशी त्या खोलीत एकच वस्तू, ती म्हणजे पेशंट. बाहेर बाकावर निम्मे लोक पेशंट आणि निम्मे एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी. ओळखायची खूण सोपी आहे: टापटीप इस्त्री, चकचकीत बूट आणि चेहऱ्यावर आरोग्याचं तेज असलेला तो एमआर. एकदा आत्या अशाच एका मुलाला म्हणाली, "बाळ, तुला काय होतंय?" तो बिचारा खरं बोलला. "टार्गेट पूर्ण होत नाहीये, आजी."

आत्याला एवढी दया आली, की तिनं त्याला आपला नंबर देऊ केला. तो आत गेला आणि वीस मिनिटांनी बाहेर आला. मग आम्ही आत गेलो आणि चार मिनिटांत बाहेर आलो. चिठ्ठीवरचं पहिलं नाव आणि मघाच्या मुलाच्या बॅगेवरचं नाव एकच होतं. आत्या खूश. "पोराचं एक तरी झालं बाई!"

डॉक्टरांना कंपनीनं काय द्यावं याचे आता नियम आहेत. 2024 च्या मार्चमध्ये केंद्र सरकारनं आचारसंहिता काढली. भेटवस्तू नको, सहली नकोत, पण ब्रँडची आठवण राहावी म्हणून कॅलेंडर, डायरी, डमी मॉडेल असलं काही हजार रुपयांच्या आतलं चालेल. मूत्रपिंड त्यात बसतं. त्याआधी 2022 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयात एक मजेदार प्रकरण निकाली निघालं. एका कंपनीनं व्हिटॅमिनच्या प्रचारासाठी डॉक्टरांना सोन्याची नाणी, टीव्ही, फ्रीज वगैरे दिले होते आणि तो खर्च धंद्याचा खर्च म्हणून आयकरातून वजा मागितला होता. न्यायालयानं नाही म्हटलं. हे मी घरी वाचून दाखवलं तेव्हा आत्यानं नेमकी शंका काढली: "व्हिटॅमिनवर फ्रीज? मग कॅन्सरच्या औषधावर काय देत असतील रे, फ्लॅट?" मी तिला सूस रोडवरची होर्डिंग पुन्हा नीट वाचायला सांगितलं.

चिठ्ठी हा स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. 2016 मध्ये तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलनं डॉक्टरांना सांगितलं, की औषधाचं मूळ जेनेरिक नाव लिहा, वाचता येईल असं लिहा, आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहा. आमच्या डॉक्टरांनी ते मनावर घेतलं. तेव्हापासून ते स्वतःचं नाव कॅपिटलमध्ये लिहितात. पुढे 2023 च्या ऑगस्टमध्ये नव्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं जेनेरिक नावं सक्तीची केली. डॉक्टर मंडळी खवळली आणि त्याच महिन्यात तो नियम स्थगित झाला. आमच्या सोसायटीतला "पाहुण्यांनी गाड्या बाहेर लावाव्यात" हा नियमसुद्धा याहून जास्त दिवस टिकला होता.

मेडिकलमध्ये मात्र कुठलंही अक्षर लागतं. काउंटरवरचा मुलगा चिठ्ठीकडे बघतसुद्धा नाही. तो कागद उभा धरतो, आडवा धरतो, डोळे मिटतो आणि मागच्या खणातून बरोबर डबा काढतो. मला वाटतं, तो डॉक्टर बघतो आणि औषध ओळखतो.

"किती देऊ?"

"दहा द्या."

"पंधराची स्ट्रिप आहे."

"मग दहा कापून द्या."

तो कात्री आणतो. कात्रीचा कल असा असतो, की औषधाचं नाव त्याच्या तुकड्यावर राहतं, एक्स्पायरी मधल्या फटीत पडते आणि माझ्या वाट्याला "थंड व कोरड्या जागी ठेवा" एवढंच येतं. आमच्या कपाटात असे निनावी तुकडे पुष्कळ आहेत. कुठला तुकडा कशावर हे फक्त बायकोला ठाऊक आहे, आणि तिच्याशी भांडण झालं की मला डोकेदुखी सहन करावी लागते.

या सगळ्यात एक गोष्ट मला स्वतःचीच नवलाची वाटते. नांदे गावाहून भाजी घेऊन येणाऱ्या मावशींशी मी कोथिंबिरीच्या जुडीवरून दहा मिनिटं घासाघीस करतो. जुडी दोन्ही बाजूंनी बघतो, मुळं हुंगतो, "परवा तर पंधराला दिली होतीत" म्हणतो, निघून जायचं नाटक करतो. तोच मी मेडिकलमध्ये अठराशे चाळीस रुपयांचं बिल ऐकतो आणि खालच्या आवाजात म्हणतो, "फोनवरून चालेल ना?" वर थँक्यूसुद्धा म्हणतो. फार धीर केला तर विचारतो, "काही डिस्काउंट?" तेही मंगळसूत्र गहाण ठेवायला आल्यासारखं तोंड करून. मुलगा म्हणतो, "दहा टक्के आधीच धरलंय." कशातून धरलंय हे विचारायची हिंमत माझ्यात नाही. कोथिंबिरीनं माणूस मरत नाही, म्हणून तिच्याशी भांडता येतं.

घासाघीस करायला मुळात भाव कळायला हवा, आणि औषधाचा भाव हे प्रकरण आमचे मामा समजावून सांगतात. मामा पिंपरीच्या एच.ए.मधून निवृत्त झाले. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा 1954 मध्ये उभा राहिलेला सरकारी कारखाना, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं देशात पेनिसिलिन बनवणारा. त्यामुळे औषध या विषयावर मामांपुढे कुणी बोलायचं नाही असा दंडक आहे. डॉक्टरांनीसुद्धा.

मामा सांगतात ते असं: जीवनावश्यक म्हणून सरकारनं जी औषधं यादीत घातली त्यांना कमाल किंमत ठरवून दिलेली असते. 2013 पर्यंत ती उत्पादनखर्चावरून काढायचे. 2013 च्या आदेशानंतर बाजारात ज्या ब्रँडांचा एक टक्का किंवा जास्त वाटा आहे त्यांच्या किमतींची सरासरी काढतात, वर दुकानदाराचे सोळा टक्के मिळवतात, झाली कमाल किंमत. "म्हणजे महागात विकणाऱ्यांनाच विचारायचं, केवढ्याला विकू?" मी विचारलं. मामांनी माझ्याकडे पेनिसिलिनचा शोध न लागलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. यादीबाहेरच्या औषधांना तर पहिल्या किमतीची मोकळीकच. फक्त वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही.

यादीतल्या औषधांचे भाव दर एप्रिलला घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे हलतात. 2022 मध्ये ते 10.76 टक्क्यांनी वाढवायची मुभा मिळाली, 2023 मध्ये 12.12 टक्क्यांनी. आणि 2024 मध्ये किती? 0.00551 टक्के. हा आकडा मी बाकावर सांगितला तेव्हा अठ्ठावीसवाले आणि बत्तीसवाले दोघंही गप्प झाले. सरकारी हिशेबानं बहुतेक औषधांचा भाव त्या वर्षी जागचा हललाच नाही. नव्वद ते दोनशे एकसष्ट रुपयांच्या दरम्यानच्या 54 औषधांचा भाव मात्र वाढला, एक पैशानं.

"एक पैसा?" आत्या म्हणाली. "चार आणे सरकारनं 2011 मध्येच बंद केले. हा पैसा द्यायचा कशात?"

"राउंड ऑफ करतात," मी म्हटलं.

"कुणीकडे?"

याचं उत्तर मामांकडेही नव्हतं, ही आमच्या घरातली ऐतिहासिक घटना आहे.

भाव कमी झाल्याचा आनंदही आम्ही घेतला आहे. 2025 च्या सप्टेंबरात बहुतेक औषधांवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला. त्या महिन्यात बिल खरोखर थोडं उतरलं. त्या खुशीत आम्ही चौघांनी हायवेजवळ वडापाव आणि चहा घेतला. वाचलेले पैसे वडापावला पुरले. चहाचे मी खिशातून घातले, आणि तळणीमुळे आत्याची अ‍ॅसिडिटीची गोळी त्या आठवड्यात दोन दिवस आधी संपली.

मामांचं दुसरं आवडतं स्थळ म्हणजे एनसीएल. सूसहून पाषाणला उतरून विद्यापीठाकडे निघालं की वाटेत राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा लागते. तिथून जाताना मामा रिक्षावाल्याला हमखास वेग कमी करायला लावतात आणि 1970 च्या पेटंट कायद्यावर बोलतात. त्या कायद्यानं औषधाच्या पदार्थावर पेटंट ठेवलंच नाही, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर ठेवलं. मग आपल्या रसायनशास्त्रज्ञांनी दुसरी वाट काढून तोच पदार्थ बनवायचा, असा खेळ 2005 साल उजाडेपर्यंत चालला. त्यानंतर पदार्थाचं पेटंट परत आलं. तरी 2012 मध्ये कॅन्सरच्या एका औषधावर सक्तीचा परवाना दिला गेला आणि महिन्याचा दोन लाख ऐंशी हजारांचा डोस आठ हजार आठशे रुपयांना देण्याचं ठरलं. हा आकडा सांगताना मामांचा आवाज भरून येतो. "एवढी अक्कल या रस्त्यावर आहे," ते म्हणतात, "आणि तुम्ही अजून ब्रँड विचारता!" रिक्षाचं मीटर मात्र त्या भाषणात चालूच असतं. मामांचं एक पेटंट मला साधारण चाळीस रुपयांना पडतं.

मामांच्याच आग्रहावरून आम्ही जनऔषधी केंद्राची वाट धरली. ही सरकारी दुकानं 2008 पासूनची आहेत, पहिलं अमृतसरला निघालं. ब्रँडचं नाव नाही, रंगीत खोकं नाही, नुसता पदार्थ आणि मिलिग्रॅम. आत्याची बीपीची गोळी तिथे इतक्या कमी पैशांत मिळाली, की मी दुकानदाराला विचारलं, "एकीचा भाव सांगताय की स्ट्रिपचा?" त्याला या प्रश्नाची सवय असावी. त्यानं भिंतीवरचा तक्ता नुसता बोटानं दाखवला.

घरी आत्यानं ती स्ट्रिप उजेडात धरली. "आधीची गुलाबी होती. ही पांढरी आहे."

"रंगाचा काय संबंध? आतलं औषध तेच आहे."

"सरकारी आहे ना? मग सावकाश काम करणार. आणि दुपारी एक ते दोन तर करणारच नाही."

तिची समजूत घालायला मामांना पिंपरीहून यावं लागलं. त्यांनी चाचण्या, प्रयोगशाळा, प्रमाणपत्रं असं सगळं सांगितलं. आत्यानं ऐकून घेतलं आणि महिनाभर रोज बीपी मोजलं. आकडे जिथे होते तिथेच राहिले. मग तिनं स्वतःचा एक मध्यम मार्ग काढला, जो मला कुठल्याही समितीच्या अहवालात वाचायला मिळालेला नाही. जनऔषधीची पांढरी गोळी ती स्वयंपाकघरात, ओट्याच्या आडोशाला उभं राहून घेते. महागडी गुलाबी स्ट्रिप दिवाणखान्यातल्या टीपॉयवर असते, पाहुण्यांसाठीच्या कपबशीसारखी. बाकावरचं कुणी आलं की ती सहज हात लांब करते आणि म्हणते, "बत्तीसची आहे बाई एक, काय करणार!" त्या स्ट्रिपमधल्या गोळ्या गेल्या दिवाळीपासून तेवढ्याच आहेत.

आत्याची ही जडणघडण अमेरिकेत झाली. माझ्या मावसभावाकडे, न्यूजर्सीतल्या एडिसनला ती काही महिने राहिली होती. तिथे टीव्हीवर औषधांच्या जाहिराती दिवसभर चालतात. 1997 मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं टीव्हीसाठीचे नियम सैल केले तेव्हापासून तर पूरच आला. जाहिरातीत एक आजोबा नातवाबरोबर होडी वल्हवत असतात, कुत्रा पाण्यात उडी मारतो, आणि मागून एक गोड आवाज सांगत असतो, की या गोळीनं यकृत बिघडू शकतं, दृष्टी जाऊ शकते, क्वचित मृत्यूही येऊ शकतो. धोके सांगणं तिथे सक्तीचं आहे. संगीत कसलं लावावं याची सक्ती नाही. आत्याला इंग्रजी बेताचं. तिनं होडी, कुत्रा आणि नातू एवढंच घेतलं, आणि परत येताना एका कागदावर तीन नावं उतरवून आणली. तो कागद तिनं आमच्या डॉक्टरांपुढे ठेवला.

"यातलं दुसरं द्या."

"आजी, पण तुम्हाला होतंय काय?"

"ते तुम्ही बघा. औषध मी ठरवलंय."

उलट एडिसनची मंडळी पुण्याला आली, की जाताना बॅगेत चिवडा कमी आणि औषधं जास्त नेतात. तिथल्या किमती ऐकून आमच्या बाकावरचे बत्तीसवाले एकदम गरीब दिसायला लागले. मावसभाऊ म्हणाला, "अरे, तुमच्याकडे फुकट आहे सगळं!" मी त्याला मेडिकलमध्ये पाठवला. तो बिल देऊन आला आणि खरंच म्हणाला, "फुकट!" डॉलरमध्ये पगार असणाऱ्या माणसाला मामांनीही काही समजावलं नाही.

अर्थात जाहिरातबंदीतूनही वाट निघते. हल्ली पेपरात आणि होर्डिंगवर अशा जाहिराती असतात, की ज्यात औषधाचं नाव नसतं, फक्त आजाराचं असतं. नागीण होऊ शकते, डॉक्टरांशी बोला. लठ्ठपणा हा आजार आहे, डॉक्टरांशी बोला. सूस, बाणेर, हिंजवडी या पट्ट्यात दिवसभर खुर्चीत बसणारे इतके लोक राहतात, की ही दुसरी जाहिरात आमच्या सोसायटीला घरचं आमंत्रण वाटली. 2025 च्या मार्चमध्ये वजन उतरवणारं मौंजारो हे इंजेक्शन भारतात आलं. अडीच मिलिग्रॅमची कुपी साडेतीन हजारांना, पाचची 4,375 ला, आणि टोचायचं दर आठवड्याला. त्याच्या जाहिरातीची गरजच पडली नाही. डी विंगमधले एक गृहस्थ तीन महिन्यांत असे बारीक झाले, की वॉचमननं त्यांना गेटवर अडवून कुणाकडे जायचंय म्हणून विचारलं.

"डाएट," ते म्हणाले. "आणि थोडं चालणं."

कुणीही विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी पाच जण साखर मागायला गेले, खरं म्हणजे फ्रीजमध्ये डोकावायला. सी विंगमधल्या दुसऱ्या एकानं त्याच जातीच्या सेमाग्लुटाइडचं पेटंट भारतात 2026 च्या मार्चमध्ये संपणार असं कुठेतरी वाचलं आणि जिलबी सोडायची तारीख एप्रिलवर ढकलली. त्याची बायको म्हणाली, "पेटंट संपेपर्यंत तरी जिने चढा." तो म्हणाला, "दोन्ही एकदम सुरू करू."

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर कायद्याचं राज्यच नाही. 1954 पासून आपल्याकडे चमत्कारी औषधांच्या आणि जादुई उपायांच्या जाहिरातींवर बंदी आहे. मधुमेह बरा करू, उंची वाढवू असले दावे त्यात येतात. औषध नियमांच्या शेड्यूल जेमध्ये तर टक्कल, अकाली पांढरे केस, त्वचेचा गोरेपणा हेसुद्धा आहे: औषधानं हे घालवतो किंवा आणतो असं कुणी म्हणायचं नाही. आमच्या ग्रुपवर रोज सकाळी सातच्या आत एकच चूर्ण हे सगळं करतं. पाठवणाऱ्या काकांना स्वतः टक्कल आहे. मी तसं नम्रपणे लिहिलं तर उत्तर आलं, "फॉरवर्डेड अ‍ॅज रिसिव्ह्ड." 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका मोठ्या आयुर्वेदिक कंपनीला विचारलं होतं, की माफीनाम्याची जाहिरात तुमच्या मूळ जाहिरातींएवढी मोठी आहे का. ग्रुपवर ती बातमीही आली. तिच्याखाली त्याच चूर्णाचा फोटो होता.

हे सगळं ध्यानात घेऊन आमच्या सेक्रेटरींनी एका रविवारी क्लबहाउसमध्ये मोफत आरोग्य शिबिर ठेवलं. हाडांची घनता तपासणी. प्रायोजकाचं नाव बॅनरवर बारीक अक्षरात होतं, म्हणजे आचारसंहिता पाळलेली असणार. इस्त्रीचे दोन एमआर एक छोटं मशीन घेऊन आले. त्यात टाच ठेवायची, आकडा येतो. सकाळी आठला रांग पार्किंगपर्यंत गेली. हीच मंडळी सर्वसाधारण सभेला कोरम होऊ देत नाहीत.

एकेक टाच आत जाऊ लागली आणि एकेक चेहरा पडू लागला. काकांची हाडं ठिसूळ निघाली, काकूंची त्याहून ठिसूळ. तिशीतल्या एका संगणकवाल्याला "बॉर्डरलाइन" सांगितलं तेव्हा त्यानं लगेच ऑफिसला मेल टाकून घरून काम मागितलं. आत्याचा आकडा उणे दोन पूर्णांक सात आला. तिनं तो चिठ्ठीवर लिहून घेतला आणि बाकावर जाऊन जाहीर केलं, की एवढं उणे आख्ख्या सोसायटीत कुणाचं नाही. बत्तीसवाल्यांनी उठून तिला जागा दिली. प्रत्येकाला सँपलची एक स्ट्रिप आणि डॉक्टरांना दाखवायला रंगीत कागद मिळाला. मामांनी मशीन खालून-वरून बघितलं, एच.ए.मध्ये असलं काही नव्हतं म्हणाले, आणि मग हळूच स्वतःची टाच आत सरकवली. तेही बॉर्डरलाइन.

दुपारी मंडळी पांगल्यावर वॉचमन माझ्याकडे आला. तो लातूरकडचा. रोज टँकरचे पाइप ओढतो, लिफ्ट बंद असली की सिलिंडर खांद्यावरून चौथ्या मजल्यावर चढवतो. एमआरनी शेवटी शेवटी त्याचीही टाच मशीनमध्ये घेतली होती. त्याच्या हातात कोरी चिठ्ठी होती, तोंड उतरलेलं.

"साहेब, माझं काहीच निघालं नाही."

"अरे, मग चांगलंच आहे की!"

"मशीन बंद पडली व्हती का त्या टायमाला?"

"नाही रे. हाडं मजबूत आहेत तुझी."

त्याचा विश्वास बसेना. त्यानं क्लबहाउसकडे बघितलं, जिथे एमआर उरलेल्या स्ट्रिपा मोजून बॅगेत भरत होते, आणि मग आवाज खाली आणून विचारलं,

"साहेब, का मेंटेनन्स भरणाऱ्यांचंच निघतंय?"